बांधलेल्या हातांचा चित्रपट

माणसांनी आपले हात आपणहून बांधून घ्यावेत आणि मगच समोरच्या पोलिसांच्या रांगेकडे चालू लागावं, हे फेरकुव्याला घडलं. डिसेंबर 1990 च्या अखेरीस नर्मदेच्या खोऱ्यातून सुमारे सहा हजार माणसं पायी निघाली होती; त्यांत आदिवासी होते, निमाडातले शेतकरी होते, आयाबाया होत्या, म्हातारेकोतारे होते. सरदार सरोवर धरणाच्या भिंतीपर्यंत जायचं ठरवून निघालेली ही संघर्ष यात्रा मध्य प्रदेश आणि गुजरात यांच्या सीमेवर, फेरकुव्याला, अडवली गेली. तिथून पुढे ज्या तुकड्या सीमा ओलांडायला गेल्या, त्या हात बांधून गेल्या. आम्ही हिंसा करणार नाही, हे वचन त्यांनी कागदावर लिहून दिलं नाही, मनगटांवर बांधून दाखवलं. भारतात जन्मलेले आणि कॅनडात स्थायिक झालेले दिग्दर्शक अली काझिमी यांनी या यात्रेबरोबर राहून 'नर्मदा: अ व्हॅली राइजेस' हा माहितीपट केला, तो 1994 साली प्रेक्षकांसमोर आला.

या एका तपशिलापाशी आपण थोडं रेंगाळू. बांधलेले हात म्हणजे कैद्याचे हात, हीच आपल्या डोळ्यांची सवय. इथे मात्र बांधणारा आणि बांधला जाणारा एकच आहे. हे हात नांगर धरणारे, मोहाची फुलं वेचणारे, नदीत जाळं टाकणारे; त्यांची सगळी ओळखच कामाची. ते काही क्षणांपुरते कामातून काढून घेतले की उरतो तो नुसता चालणारा देह आणि त्याच्यावरचा चेहरा, आणि मग आपल्याला त्या चेहऱ्याकडे पाहावंच लागतं. घोषणा ऐकताना आपण मनात तिच्याशी वाद घालू शकतो. अशा चालण्याशी वाद घालता येत नाही. शिवाय ते चालणं कुठल्या रेषेकडे आहे, हेही पाहायला हवं. एका राज्याची हद्द संपते आणि दुसऱ्याची सुरू होते, एवढीच ती रेषा. नर्मदेच्या पाण्याची वाटणी करणाऱ्या लवादाने 1979 साली निवाडा दिला तेव्हा गुजरात, मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि राजस्थान या राज्यांची नावं कागदावर होती. ज्यांची घरं बुडणार होती त्या 245 गावांना कुणी पक्षकार मानलं नव्हतं. त्यांतली 33 गावं आपल्या महाराष्ट्रातली, तेव्हाच्या धुळे आणि आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली. फेरकुव्याच्या वाटेवर ती माणसं स्वतःच पक्षकार म्हणून उभी राहिली.

पुढे तीन आठवड्यांचं उपोषण झालं, आणि जागतिक बँकेला आपण कर्ज दिलेल्या धरणाची स्वतंत्र तपासणी करायला लावणारी घटना म्हणून फेरकुव्याची नोंद झाली. ही तपासणी करणाऱ्या ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या समितीचा अहवाल 1992 साली आला, आणि मार्च 1993 मध्ये बँकेचं उरलेलं कर्ज भारत सरकारने नाकारलं. काझिमींचा चित्रपट या सगळ्यानंतर पूर्ण झाला, म्हणजे श्रेय त्याच्याकडे जात नाही. पण रसिकाच्या दृष्टीने त्याचं मोल वेगळं आहे. नंतरच्या काळात एखाद्या मूलनिवासी समाजाने आपल्या नदीसाठी, आपल्या डोंगरासाठी उभं राहायचं ठरवलं, तर लढा कसा दिसतो हे दाखवणारा हा चित्रपट आधीच तयार होता.

आता दुसऱ्या चित्रपटाकडे वळू. तो मला सगळ्यांत जवळचा, कारण तो आपल्या मुंबईच्या दोन माणसांनी केला आणि त्याचा जीव आपल्या सातपुड्यात आहे. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांचा 'नर्मदा डायरी', 1995 सालचा, जेमतेम तासाभराचा. 1996 साली त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचं फिल्मफेअर पारितोषिक मिळालं. पटवर्धनांचा 'हमारा शहर' पाहिलेल्यांना त्यांचा स्वभाव ठाऊक असतो: झोपडीतल्या माणसाला ते कधी उदाहरण म्हणून वापरत नाहीत, त्याला बोलू देतात आणि तो बोलून झाल्यावरही कॅमेरा लगेच हलवत नाहीत. सिमंतिनी धुरूंचं नाव मुंबईच्या महापालिका शाळांतल्या पुष्कळ शिक्षकांना 'आवेही-अबॅकस' या शैक्षणिक प्रकल्पामुळे माहीत आहे. मुलांना प्रश्न विचारायला शिकवणारं ते काम आणि हा चित्रपट यांचा पिंड एकच आहे, असं मला पाहताना सतत वाटत राहतं.

'नर्मदा डायरी'त डोमखेडीची होळी आहे. डोमखेडी हे अक्राणी तालुक्यातलं नर्मदाकाठचं गाव, धडगावच्या डोंगरांपलीकडचं. सातपुड्यातली होळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल, की ती आपल्या शहरी होळीसारखी एका संध्याकाळची नसते. तिची तयारी आधीच सुरू होते; नवस बोललेली माणसं दिवसच्या दिवस नेम पाळतात आणि मग बावा, बुध्या, मोरखी अशी सोंगं घेऊन नाचायला उतरतात. कमरेला वाळक्या भोपळ्यांची आणि घुंगरांची माळ, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, अंगावर राखेचे आणि पिठाचे ठिपके; ढोल घुमतो, पावरीचे लांब सूर डोंगरात शिरतात आणि रात्र उलटून जाते. हा सारा थाट धरणाच्या माहितीपटात कशासाठी, असं एखाद्या घाईत असलेल्या प्रेक्षकाला वाटेल. पण आपण घाईत नाही आहोत. त्या भोपळ्यांकडे नीट पाहा. ते त्याच शेतात पिकले आहेत जे पाण्याखाली जाणार म्हणून नकाशावर रंगवलं गेलं. मोरपीस त्याच जंगलातलं, राख त्याच लाकडाची, आणि नाचायला लागणारी मोकळी सपाट जागाही नदीकाठचीच. पुनर्वसनाच्या कागदावर जमिनीला हेक्टरांत मोजतात, घराला रुपयांत. या नाचाला मोजायचं एककच नाही. चित्रपटात हे कुणी समजावून सांगायची गरज पडत नाही. ढोल वाजतो, माणसं नाचतात, आणि काय काय जाणार आहे याची यादी आपल्या मनात आपोआप तयार होऊ लागते.

मला इथे करुणरस कमी आणि उत्साह जास्त दिसतो, आणि हेच या चित्रपटाचं खरं सौंदर्य आहे असं माझं मत आहे. विस्थापितांवरचे बहुतेक चित्रपट आपल्याला रडवतात, आणि रडून झालं की आपण हलके होतो, विसरायला मोकळे होतो. डोमखेडीची माणसं आपल्याला रडवत नाहीत. ती इतकी पूर्ण, इतकी सजलेली, आपल्या जगण्याची इतकी मालक दिसतात, की आपल्याला त्यांच्याबद्दल वाटतो तो आदर, आणि आदर वाटलेल्या माणसाचं घर बुडताना स्वस्थ बसवत नाही. भारतीय काव्यशास्त्राने उत्साहाला वीररसाचा स्थायिभाव म्हटलं आहे. शस्त्राविना, शत्रूविना, केवळ नाचण्यातून तो पडद्यावर उभा राहतो हे पाहणं म्हणजे एक अपूर्व आनंद आहे.

या होळीच्या शेजारी दिग्दर्शकांनी जुन्या सरकारी चित्रफितींचे तुकडे ठेवले आहेत. चित्रपटगृहात मुख्य खेळाआधी दाखवल्या जाणाऱ्या त्या कृष्णधवल फिती, त्यांतला तो भारदस्त आवाज, काँक्रीटच्या भिंती, पडद्यावर फुटणारं पाणी. आपल्या पिढीने ते ऐकत ऐकतच देश म्हणजे काय हे शिकलं, त्यामुळे त्या आवाजाशी आपलं एक जिव्हाळ्याचं नातंही आहे. 'नर्मदा डायरी' त्या आवाजाची टिंगल करत नाही, त्याला फक्त डोमखेडीच्या ढोलाशेजारी बसवते. दोन आवाज एकामागोमाग आले की पहिल्यात काय ऐकू येत नव्हतं ते दुसऱ्यात कळतं. संकलन ही नुसती कात्री चालवण्याची कला नव्हे, शेजार जुळवण्याची कला आहे, याचा इतका नितळ प्रत्यय मराठी माणसांच्या हातून आलेल्या दुसऱ्या कुठल्या माहितीपटात मला मिळालेला नाही.

आणि डायरी हा आकारही मोठा अर्थपूर्ण आहे. रोजनिशी लिहिणाऱ्याला पुढच्या पानावर काय येणार हे माहीत नसतं. चित्रण चालू होतं तेव्हा धरण थांबेल की उंच होत जाईल हे दिग्दर्शकांनाही ठाऊक नव्हतं, आणि ती अनिश्चितता चित्रपटात जिवंत राहिली आहे. अक्कलकुव्यातलं मणिबेली हे महाराष्ट्राच्या बाजूचं, धरणाच्या भिंतीला सर्वांत जवळचं गाव. 1993 च्या पावसाळ्यात तिथल्या घरांना पाण्याने गाठलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात धुळे जिल्ह्याच्या या आदिवासी भागात पोलिसांच्या गोळीबारात रेहमल वसावे हा पंधरा वर्षांचा मुलगा गेला. आज आपण हा चित्रपट पाहतो तेव्हा आपल्याला शेवट ठाऊक असतो: ऑक्टोबर 2000 मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, वाढत गेलेली उंची, 138.68 मीटरवर पोचलेली भिंत आणि 17 सप्टेंबर 2017 चं लोकार्पण. तरीही पडद्यावरच्या माणसांना तो ठाऊक नाही, आणि त्यांच्या डोळ्यांतली आशा शंभर टक्के खरी आहे. शेवट माहीत असूनही ती आशा खोटी वाटत नाही, याचं श्रेय मी डायरीच्या आकाराला देतो.

मणिबेलीचं पुढे काय झालं, हेही सांगायला हवं. 1994 साली मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देणं थांबवावं, अशी मागणी करणारा एक जाहीरनामा निघाला आणि 44 देशांतल्या 326 संस्था-संघटनांनी त्यावर सही केली. त्याचं नाव 'मणिबेली जाहीरनामा'. ज्या गावी जायला तेव्हा धड रस्ता नव्हता, त्या गावाचं नाव अनेक खंडांतल्या माणसांनी आपल्या सहीनिशी घेतलं. अर्थात, हे चित्रपटांनी एकट्याने केलं नाही. गावसभा, पत्रकं, सत्याग्रह, रात्ररात्र चाललेली भाषांतरं या सगळ्यांचं ते फळ. पण परक्या देशातल्या माणसाला मणिबेली हा शब्द उच्चारताना डोळ्यांपुढे एखादं घर, एखादी बाई, एखादा काठ यावा, यासाठी चित्रच लागतं.

तिसरा चित्रपट नदीच्या पलीकडच्या काठावरचा. डोमखेडीसमोर, नर्मदेच्या उत्तर तीरावर, मध्य प्रदेशातलं जलसिंधी. मधली नदी ही दोन राज्यांची सीमा, पण दोन्ही काठांवरच्या माणसांना ती कधी सीमा वाटली नाही. बोली एकमेकींना समजतात, सोयरिकी होतात, होडीने येणंजाणं असतं. इंग्लंडच्या फ्रॅनी आर्मस्ट्राँग यांनी 'ड्राऊन्ड आऊट' हा माहितीपट 2002 साली पूर्ण केला तो जलसिंधीच्या लुहारिया या वैद्याच्या कुटुंबाभोवती. त्याच्यापुढे तीन वाटा आहेत: शहरातल्या झोपडपट्टीत जायचं, पुनर्वसनाच्या वसाहतीत जायचं, किंवा घरातच राहून बुडायचं. कुटुंब तिसरी निवडतं.

विदेशी दिग्दर्शकाने आदिवासी घरात कॅमेरा नेला की बहुधा आपल्याला अवघडल्यासारखं होतं. दारिद्र्य चवीने टिपलं जाईल अशी धास्ती असते. इथे ती फार लवकर विरते. आर्मस्ट्राँग या घरापाशी वर्षानुवर्षं परत येत राहिल्या, आणि वारंवार येणाऱ्या माणसाला घर आपलं वेगळं रूप दाखवतं. बांबूच्या कुडाच्या भिंती, अंगणातून थेट नदीकडे उतरणारा उतार, धान्य साठवायच्या कणग्या, लुहारियाचा ढोल. पहिल्यांदा पाहताना हे सामान वाटतं. चित्रपट अर्ध्यावर येईपर्यंत आपण त्याच्या घराची अंतरं मनात मोजू लागलेलो असतो: पाण्यापासून उंबरठा किती लांब, चुलीपर्यंत पाणी कधी येईल. धरणाची उंची वर्तमानपत्रात मीटरमध्ये वाचताना ज्या वाढीचा काहीच बोध होत नाही, तिचा बोध इथे उतारावरच्या एकेका खडकावरून होतो. पाणी आवाज न करता चढतं. त्यात उभ्या राहिलेल्या माणसांकडे पाहताना मला पुन्हा फेरकुव्याचे हात आठवतात. देहालाच साक्षीला उभं करण्याची तीच रीत, फक्त आता रस्त्याच्या जागी नदी आहे.

या तीन चित्रपटांची रीत पुढे इतर देशांतल्या लढ्यांतही भेटते. खडकाच्या पोटात प्रचंड दाबाने पाणी, वाळू आणि रसायनं घुसवून, भेगा पाडून वायू काढायचा, या फ्रॅकिंगच्या उद्योगावर अमेरिकेत जॉश फॉक्स यांनी 2010 साली 'गॅसलँड' केला. त्यातलं कोलोरॅडोतल्या स्वयंपाकघराच्या नळाला काडी लावताच पाण्यासकट भडकणारं दृश्य जगभर पोचलं. त्याचा धक्का मोठा आहे, पण मला त्याहून अधिक भावतो तो कॅनडाचा 'फ्रॅक्चर्ड लँड', 2015 सालचा. केलेब बेन हा डेने समाजातला तरुण कायद्याचं शिक्षण घेतो आहे. त्याचे वडील कडवे पर्यावरणवादी, आई तेल-वायू उद्योगाच्या आत राहून बदलासाठी झटणारी. उद्योगाची भेग जमिनीत आहे तशी एका घरातही आहे, आणि दिग्दर्शक ती बुजवायची घाई करत नाहीत. जलसिंधीतही काहींनी वसाहतीची वाट धरली, काही राहिले. एकाच पाड्यात दोन निर्णय झाले. धडगावचा माणूस ब्रिटिश कोलंबियातल्या त्या घरात बसला, तर भाषा न कळताही प्रसंग त्याला कळेल, याची मला खात्री आहे.

नर्मदेकडे परत येऊन एक गोष्ट मात्र जाता जाता सांगावीशी वाटते. अक्राणी तालुक्यातल्या बिलगावी गावकऱ्यांनी, केरळच्या तंत्रज्ञांच्या आणि परदेशस्थ भारतीय मित्रांच्या मदतीने, उदई नदीवर पंधरा किलोवॅटचा छोटा जलविद्युत प्रकल्प उभारला. 2003 च्या आरंभी तो सुरू झाला आणि तीनशे घरांत दिवे लागले. 'स्वदेस' या हिंदी चित्रपटातलं गावात वीज येण्याचं प्रकरण याच बिलगाववरून स्फुरलेलं. आपल्यापैकी लाखोंनी तो दिवा लागताना पाहिला, डोळे पुसले. 2006 च्या पावसाळ्यात तो खरा प्रकल्प सरदार सरोवराच्या फुगवट्यात बुडाला, हे फार थोड्यांना कळलं. ज्यांना 'स्वदेस' आवडतो, त्यांनी बिलगावचं नाव त्याच्याबरोबर लक्षात ठेवावं.

हे सारं मी जोगेश्वरीत बसून लिहितो आहे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या शैव लेण्यांभोवती वस्ती दाटत गेलेली ही जागा. पूर्वेला विक्रोळीकडे जाणारा जोडरस्ता, आणि त्याला लागून आरे. आरेतल्या सत्तावीस पाड्यांत वारली, कोकणा, मल्हार कोळी राहतात. दुग्धवसाहत आली 1949 साली, ते तिच्या कितीतरी आधीपासून. ऑक्टोबर 2019 च्या एका रात्री, उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्यावर काही तासांतच, मेट्रोच्या कारशेडसाठी इथे करवती चालू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडं पडली होती. आज त्या मेट्रोच्या आरे स्थानकातून मीही जातो; शहराला रेल्वे हवी हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच पाड्यांचं म्हणणं ऐकायला आपल्यासारख्या प्रवाशांनी अधिक वेळ द्यायला हवा असं मला वाटतं. त्याच 2019 मध्ये 'स्वदेसी' या मुंबईच्या रॅप गटाने आरेतल्या केलटीपाड्याचे प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन 'द वारली रिव्होल्ट' ही चित्रफीत केली. वारली चित्रांतली त्रिकोणी माणसं, जी आपण दिवाणखान्यात चौकटीत टांगून ठेवली, कुडत्यांवर आणि चहाच्या कपांवर छापली, ती इथे पडद्यावर चालू लागतात. नाव 1945 च्या वारली उठावाचं, ताल आजच्या शहरी पोरांचा, गळा पाड्यावरच्या माणसाचा. काही मिनिटांच्या या चित्रफितीत मला डोमखेडीच्या होळीचा तोच उत्साह सापडतो. इथेही कुणी दया मागत नाही.

म्हणून वाचकांना एकच विनंती. आपल्या सोसायटीच्या सभागृहात, शाळेत, गणेशोत्सवाच्या मांडवात एका संध्याकाळी 'नर्मदा डायरी' लावा. तासाभराचाच आहे. जवळच्या पाड्यावरच्या माणसांना बोलवा, पुढच्या रांगेत बसवा, आणि दिवे लागल्यावर पहिल्यांदा त्यांना बोलू द्या.